मुकी पालखी आणि तीन पायांची मावशी

या धाग्यावर मी बरेच महिने नुसता वाचत होतो. इथे कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. उभं आयुष्य वर्तमानपत्राच्या न्यूज डेस्कवर गेलं. अमुक देवळात समई आपोआप पेटली, तमक्या विहिरीतून हाका ऐकू आल्या... तालुक्याहून असलं काही ना काही यायचंच. मी ते कापायचो. कापण्याआधी वार्ताहराला फोन करून विचारायचो, ‘तू स्वतः पाहिलंस का?’ उत्तर ठरलेलं – ‘नाही साहेब, पण पाहणारा माणूस खात्रीचा आहे.’

या वेळी पाहणारा मी आहे. खात्रीचा आहे की नाही ते तुम्ही ठरवा. पाहिलं तेवढंच लिहितो, आणि जे नुसतं ऐकलं ते ऐकलं म्हणून लिहितो.

आधी जागा. पोलादपूरहून कापड्याकडे वळायचं. भातखाचरं मागे पडली की रस्ता कुडपणच्या बाजूला चढायला लागतो. त्या चढावर, एका वाडीच्या वरच्या अंगाला, एका ट्रस्टचं निवारा केंद्र आहे. जखमी झालेले आणि पुन्हा जंगलात सोडता न येणारे वाघ-बिबटे तिथे सांभाळतात. केंद्राचं नाव देत नाही, वाडीचंही नाही. तिथे बघ्यांची गर्दी व्हावी अशी कोणाचीच इच्छा नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. वाघिणीचं तेवढं खरं आहे.

माझ्या बहिणीची मुलगी केतकी तिथे पशुवैद्य आहे. मी निवृत्तीनंतर महाडला राहतो. गुडघे धरले की सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाय सोडून बसतो, आणि घरात करमेनासं झालं की केतकीकडे आठवडाभर मुक्कामाला जातो. तिथे पाहुणा म्हणून बसून खायची सोय नाही. केतकी काही ना काही काम गळ्यात मारतेच.

वाघीण विदर्भातली. रानडुकरांसाठी कोणीतरी लावलेल्या तारेच्या फाशात तिचा डावा पुढचा पाय अडकला होता. ती सापडली तेव्हा तो वाचण्यासारखा उरला नव्हता. खांद्याजवळून काढावा लागला. तीन पायांवर शिकार जमणार नाही म्हणून तिला इकडे पाठवलं. कागदोपत्री तिला नंबर आहे. मावशी हे नाव यशवंतने ठेवलं.

यशवंत तिची देखभाल करतो – खाणं, पाणी, कोठडीची सफाई. तो वाडीतलाच. मुंबईत बरीच वर्षं कुरिअरच्या कामावर होता, मग आईसाठी परत आला. बोलण्यात मात्र मुंबई राहिली.

“मांजर वाघाची मावशी, बरोबर?” पहिल्याच भेटीत त्याने मला समजावलं. “मग ही मांजराची कोण?”

“भाची,” मी म्हटलं.

“झालं ना लफडं! तुमची भाची म्हणजे आमच्या मॅडम. भाची बोलून हाक मारली तर दोघी वळून बघतील. म्हणून मावशी. रिस्पेक्ट पायजे.”

मावशीचं दुखणं एकच होतं आणि ते पायाचं नव्हतं. जखम भरली होती, खाणं चांगलं होतं, सिमेंटच्या कोठडीत ती तीन पायांवर सफाईने फिरायची. रोज सकाळी कोठडीचा सरकता दरवाजा उघडला की समोर दुहेरी कुंपणातलं तिचं मोठं आवार – गवत, करवंदीच्या जाळ्या, एक जांभूळ, पाण्याचं टाकं. आणि मावशी उंबऱ्याशी येऊन थांबायची. आल्यापासून एकदाही तिने गवतावर पाऊल टाकलं नव्हतं. मांस बाहेर ठेवलं तर मान लांबवून पोहोचेल तेवढं ओढून घ्यायची, बाकीचं कावळ्यांचं. केतकीने दालचिनी चोळलेले ओंडके टाकून पाहिले, दारापासून थोड्या अंतरावर गारव्यासाठी पाणी शिंपडून पाहिलं. मावशी ओंडक्यांकडे बघायची, मग स्वतःच्या पंजाकडे बघायची आणि बसून राहायची.

“मामा, तार तिला दिसलीच नव्हती ना,” केतकी मला म्हणाली. “तिला दिसलं ते गवत. तिच्या लेखी पाय गवतानेच खाल्ला.”

यातलं संकट असं की गेल्या वर्षी शिमग्यानंतर पाहणी समिती येणार होती. वाघीण आवार वापरतच नसेल तर तिला इथे ठेवण्यात अर्थ नाही, दूरच्या एका बंदिस्त पिंजऱ्यांच्या केंद्रात हलवावं, असा शेरा आधीच्या भेटीत पडला होता. तिकडे गेलेला प्राणी पुन्हा उघड्यावर येत नाही. शिवाय हलवायचं म्हणजे भूल देणं आलं. इकडे आणताना मावशी भुलीतून जेमतेम परतली होती. केतकी ट्रकमध्ये तिच्या छातीवर हात ठेवून बसली होती. केतकी एरवी शांत मुलगी आहे. मी तिथे होतो त्या आठवड्यात ती वाढलेलं ताट तसंच ठेवून उठत होती.

मला मिळालेलं काम मातीचं होतं. आवाराच्या आत, कोठडीच्या दारापासून थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत, कुंपणाच्या कडेने मऊ मातीची एक पट्टी केलेली होती. माती यशवंतने कापड्याच्या खाचरातून आणून चाळली होती. जराशी ओलसर ठेवली की ती ठसा जसाच्या तसा धरते. मावशी कोणी नसताना बाहेर आलीच तर कळावं, आणि तीन पायांवर तिचं वजन कसं पडतं ते केतकीला बघता यावं, म्हणून ही सोय. सकाळी दरवाजा उघडण्याआधी पट्टी दाताळ्याने सारखी करायची. संध्याकाळी बघायचं. संध्याकाळी तिथे एखाद्या सरड्याची रेघ, पाखरांची नखं... बाकी कोरी.

आता पालखीचं. वाडीची देवी वाघजाई. शिमग्यात तिची पालखी घरोघर जाते, तशी कोकणात सगळीकडेच जाते. गावकीच्या बैठकीत त्या वर्षी प्रश्न निघाला – केंद्र आपल्या हद्दीत आहे, तर पालखी तिथे न्यायची की नाही? पालखी घरी जाते. ऑफिसात, दुकानात जात नाही. मग केंद्र हे घर आहे का? यशवंतबरोबर मीही बैठकीला जाऊन बसलो होतो. जुनी सवय.

“घर म्हंजे चूल पायजे,” पांडुतात्या म्हणाले. ते पालखीचे मानकरी. त्यांच्या शब्दाशिवाय पालखी देवळाबाहेर निघत नाही.

“गॅस हाय की तात्या. शेगडी दोन बर्नरची,” यशवंत म्हणाला.

“आनि वटी कोन भरनार? घरात बाय पायजे.”

“मॅडम हायेत.”

“त्या पगारी. उद्या बदली झाली तर देवीनं कोनाच्या दारात उभं ऱ्हायाचं?”

तेव्हा मागून यशवंतची आई उठली. रखमाआय तिला सगळे म्हणतात. “अरे पांडू, बाय नाय कशी? हाय की तितं, तीन पायांची. वाघजाईनं वाघिनीकडं नाय जायाचं, मंग काय तुज्या म्हशीकडं जायाचं?”

बैठक हसली. तात्याही हसले, पण मुद्दा सोडला नाही. “मंग तिची वटी तू भरशील?”

“भरीन. आत जाऊन नाय हां, भायेरनं.”

बैठकीचा कल न्यायच्या बाजूने झाला, पण केतकीची अट निघाली. ढोल नको, ताशा नको, सनई नको, आरोळ्या नकोत. तात्या केंद्रावर तिच्याकडे आले तेव्हा मी ओट्यावरच होतो.

“मुकी पालखी?” तात्यांचा आवाज चढला. “अवो डॉक्टरीनबाय, आमच्यात मानूस जातो तवा पन वाजवत नेतात. देवीला तशीच गुपचूप न्यायाची? चोरून आनल्यावानी?”

“तात्या, ती आत्ता निदान दारापर्यंत येते,” केतकी म्हणाली. “ढोल वाजला आणि बिथरली तर तेवढंही बंद होईल. मग समितीपुढे मी काय बोलू? तिला घेऊन जातील हो.”

तात्यांचा आवाज उतरला. “कुटं नेतील?”

“लांब. सिमेंटच्या पिंजऱ्यात. कायमची.”

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “देवीला इचारतो,” एवढंच म्हणून गेले. त्यांनी देवळात कौल लावला. फूल उजवीकडून पडलं, म्हणजे होकार. फुलाला पडायला दोनच बाजू असतात, हे तेव्हा माझ्या मनात आल्याचं नमूद करतो.

शिमग्यात पालखी केंद्राकडे आली ती दुपार कलल्यावर. सकाळी मी स्वतः पट्टी सारखी केली होती. त्यानंतर यशवंतने दरवाजा उघडला आणि मावशी नेहमीसारखी उंबऱ्यावर येऊन बसली. यात कुठे फट नाही, म्हणून सांगून ठेवतो.

खालच्या वळणापर्यंत ढोल ऐकू येत होता. तिथे तो थांबला. मग वीस-पंचवीस माणसं अनवाणी, न बोलता चढ चढत आली. शिमग्याची पालखी आणि आवाज नाही... मी ही गोष्ट जन्मात पाहिली नव्हती. पाचोळ्यावरची पावलं आणि पालखीच्या दांड्याची करकर, एवढंच.

फाटकाशी जरा खोळंबा झाला. चार खांदेकऱ्यांतला एक जण, मुंबईहून सुटीवर आलेला, पुढे यायला तयार होईना. “तात्या, मला परवा ड्युटी जॉइन करायचीय,” तो कुजबुजला. “वाघाने बघितलं ना नुसतं, तरी आपला गेम होईल.” कोणी हसायचीही सोय नव्हती. तात्यांनी आजूबाजूला पाहिलं, त्यांची नजर माझ्यावर थांबली.

“पेपरवाले, आंगोळ झालीय ना?”

“झालीय.”

“मंग चपला काडा आनि द्या खांदा.”

मी मागच्या बाजूला, उजव्या अंगाला होतो. पालखी वजनाला फार नव्हती. केंद्राच्या ऑफिसच्या दारात केतकीने रांगोळी घातली होती, चौरंग मांडला होता. ठरल्याप्रमाणे पालखी तिथे थांबणार, ओटी भरली जाणार, नारळ फुटणार आणि सगळे परत जाणार. मावशीचं आवार ऑफिसच्या मागे, इमारतीला वळसा घालून जावं लागेल असं. समोरून ते दिसत नाही.

पालखी चौरंगाशी थांबली नाही.

मला आधी वाटलं, पुढच्या दोघांना चौरंग दिसला नसेल. मग दांडा माझ्या खांद्यावर असा ओढला गेला की मला पाऊल टाकावंच लागलं. ओढ सरळ पुढे नव्हती. उजवीकडे, इमारतीच्या कोपऱ्याकडे. बैलगाडीवर बसलेल्या माणसाला बैलांनी वळण घेतल्यावर जाणवतं तसं – आपण काही करत नाही, आपल्याला वळवलं जातंय. मी पाय रोवून पाहिले. तळव्याखालची माती सरकली, मी सरकलो. आम्ही ऑफिसला वळसा घालून मागे गेलो, बाहेरच्या कुंपणाच्या कडेकडेने चाललो आणि पलीकडच्या कोपऱ्याशी येऊन पालखी थांबली. थांबली म्हणजे एकदम जड झाली. पुढची बाजू कुंपणाकडे झुकली आणि तशीच राहिली.

केतकी आमच्या मागे धावत आली होती. ती तात्यांना काहीतरी म्हणणार तोच यशवंतने तिच्या दंडाला हात लावला आणि आत बोट दाखवलं.

मावशी उंबऱ्यावर उभी होती. तिचा उजवा पंजा बाहेर होता. मातीत.

मग ती आली. दारापासून कोपऱ्यापर्यंत, मातीच्या पट्टीवरून, कुंपणाच्या कडेने. मी खांद्यावरून दांडा न हलवता बघत होतो. तिचा डावा खांदा प्रत्येक पावलाला पुढे येत होता, जणू तिथे पाय आहे – पण पाय नव्हता, नुसतं दुमडलेलं कातडं हलत होतं. तीन पायांची ती झोकांडती चाल मी आठवडाभर सिमेंटवर पाहिली होती. तीच होती. आतल्या आणि बाहेरच्या कुंपणाच्या पलीकडे, आमच्या बरोबर समोर येऊन ती थांबली. नाकातून फुर्र असा आवाज काढला. ओळखीचं माणूस दिसलं की वाघ असा आवाज काढतात. यशवंत खाणं घेऊन आला की ती काढायची. मग खाली बसली. गवतात.

रखमाआय पुढे झाली. तिने देवीची ओटी भरली. दुसरी ओटी, खण, नारळ, तांदूळ, बाहेरच्या कुंपणाशी ठेवली. “येस गो बाय,” ती हळूच म्हणाली. “घाबरू नुको. गवात काय खात नाय.”

तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं खणखणीत आवाजात घालायचं असतं. त्यांनी ते कानात सांगितल्यासारखं घातलं – “आये वाघजाय, तुझी लेक परक्या मुलखातनं आलीय, तिला हितं थारा दे...” आणि सगळ्यांनी ओठातल्या ओठात ‘होय’ म्हटलं. त्यानंतर पालखी हलकी झाली. आम्ही ती वळवली तेव्हा ती साध्या लाकडाच्या पालखीसारखी वळली.

एवढंच असतं तर मी इथे लिहिलं नसतं. नवी माणसं, फुलांचा वास, कुतूहल... वाघिणीच्या बाहेर येण्याला कारणं देता येतील. पालखीच्या ओढीलाही देता येतात. चार माणसांच्या खांद्यांतून नकळत एक दिशा तयार होते असं म्हणतात. मी नंतर बाकीच्या तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं. पुढचे म्हणाले, मागून रेटा आला. माझ्या जोडीचा म्हणाला, पुढून ओढ आली. समजा, तसंच असेल.

पण पालखी गेल्यावर, उन्हं उतरायच्या आत, यशवंतने कुंपणाजवळून मला हाक मारली. मावशी तोवर जांभळाखाली जाऊन आडवी झाली होती. यशवंत पट्टीकडे बघत होता.

“काका, इकडे या. मोजा.”

“काय मोजू?”

“पाय.”

पट्टी कुंपणाला लागूनच असल्याने बाहेरून स्वच्छ दिसत होती. ठसे दारापासून कोपऱ्यापर्यंत सलग होते. उजवा पुढचा. उजवा मागचा. डावा मागचा. आणि डावा पुढचा.

मी चष्मा पुसला. असं करतात हे कथांमध्ये वाचलं होतं, खरंच करतात. पुन्हा पाहिलं. प्रत्येक पावलाला, न चुकता, चौथा ठसा होता.

केतकी आली. कुंपणाशी उकिडवी बसून तिने एकेक ठसा पाहिला. मग तिने एकेक गोष्ट सांगितली, मला नाही, स्वतःलाच सांगावं तशी. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा आणि रुंद असतो, हे पुढचेच. उजव्या आणि डाव्या पंजाची बोटं आरशातल्यासारखी उलट असतात, हा डावाच. उजवा दोनदा टेकला असं नाही. दुसरा वाघ म्हणावा तर केंद्रात दुसरा एकच आहे – म्हातारा नर, टेकडीच्या पलीकडल्या आवारात. त्याचा पंजा हिच्यापेक्षा बराच मोठा.

“आणि खोली बघ, मामा,” ती म्हणाली. “तीन पायांचं जनावर चालतं तेव्हा पुढचा एकुलता पाय सगळा भार घेतो. उजवा ठसा खोल रुतायला हवा. हा बघ... रुतलेलाच नाही. दोन्ही सारखे आहेत. वजन वाटलं गेलंय.”

“आपण तिला तीन पायांवर चालताना पाहिलं,” मी म्हटलं.

“हो. मीही पाहिलं.”

“सगळ्यांनी पाहिलं,” यशवंत म्हणाला. “माझ्या चुलतभावाने मोबाइलवर घेतलंय.”

त्याला बोलावलं. तो फाटकापाशीच होता. चित्रण आम्ही तिथेच, उन्हाकडे पाठ करून, पुनःपुन्हा पाहिलं. मावशी दारातून येते. तीन पाय. डाव्या खांद्याखाली काही नाही. मागची कुंपणाची जाळी त्या मोकळ्या जागेतून आरपार दिसते. ज्या जागी माती चौथा पंजा दाखवते, त्या जागी मोबाइलवर हवा आहे.

डेस्कवर आमचा नियम होता – दोन स्वतंत्र स्रोत असल्याशिवाय बातमी द्यायची नाही. इथे दोन्ही स्रोत माझ्यासमोर होते, दोन्ही निर्मळ होते, आणि दोघांपैकी एकालाही खोटं पाडता येत नव्हतं.

मावशी खाण्यासाठी कोठडीत गेल्यावर दरवाजा लावून केतकीने एका डाव्या ठशाचा प्लास्टरचा साचा घेतला. फोटोही काढले. ठशांचे फोटो तिने आपल्या एका वरिष्ठांना पाठवले. हयात जंगलात काढलेला माणूस. कुठले, कधीचे, काही सांगितलं नाही. तासाभरात त्यांचा फोन आला. मी शेजारी होतो.

“छान आहेत,” ते म्हणाले. “वयात आलेली मादी, निरोगी. चाल एकदम निवांत. कुठल्या जंगलातली?”

केतकीने माझ्याकडे पाहिलं. “आमच्याकडचीच आहे, सर,” ती म्हणाली आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी पुन्हा सारखी केली. दरवाजा उघडल्यावर मावशी उंबऱ्यावर थांबली, पंजा खाली टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला आणि सरळ बाहेर पडली. जांभळापर्यंत गेली. पट्टीवर ठसे उमटले ते तीन. उजवा पुढचा चांगला खोल. त्या दिवसापासून आजवर तीनच.

समिती आली त्या दिवशी मी महाडला परतलो होतो. संध्याकाळी केतकीचा फोन आला. आधी ती नुसती हसत होती. मावशी गवतात उताणी पडली होती, तीन पाय वर करून, आणि समितीतल्या ज्येष्ठ बाईंनी पंधरा मिनिटं तिच्याकडे बघून विचारलं होतं, “ही नेहमी अशीच लोळते?” यशवंतने उत्तर दिलं होतं, “नाय मॅडम, आज पाव्हणे म्हणून जरा सावरून बसलीय.” मावशी इथेच राहणार, असं ठरलं.

“त्यांना ठशांचं सांगितलंस?” मी विचारलं.

“नाही. तू छापलं असतंस?”

“नाही,” मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

तिचं आता बरं चाललं आहे. सकाळी टाक्यात बसते, दुपारी जांभळाखाली, उन्हं कलली की करवंदीच्या जाळीमागे. जाळीत शिरलेल्या एका मुंगसावर तिचा फार राग आहे. ते तिच्या वाटणीच्या हाडांवरचं मांस कुरतडून पळतं. ती थोडी जाड झाली आहे. केतकी म्हणते, कमी खायला घालायला हवं. यशवंत ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

यंदाच्या शिमग्याला मी मुद्दाम गेलो. पालखी येणार की नाही यावर या वेळी बैठकीत चर्चाच झाली नाही. केंद्राचं घर यादीत धरलेलंच होतं. वळणावर ढोल थांबला, पालखी तशीच मुकी चढून आली. मी आपणहून खांदा दिला. खरं तर मी त्या ओढीची वाट बघत होतो; या वेळी सावध राहून, कुठून येते ते नीट बघायचं ठरवून गेलो होतो.

पालखी ऑफिसच्या दारात चौरंगाशी थांबली. साधी थांबली, जशी कोणाच्याही दारात थांबते. केतकीने ओटी भरली. नारळ फुटला. मग तात्यांच्या सांगण्यावरून आम्ही पालखी मागे, आवाराच्या कुंपणाशी नेली – आम्ही नेली, आमच्या पायांनी. मावशी जांभळाखाली झोपली होती. तिने एक डोळा उघडला, आमच्याकडे पाहिलं आणि मिटला. शेपटीचं टोक एकदा हललं, तेही बहुधा माशीसाठी.

केतकीचा चेहरा थोडा उतरला. माझाही उतरला असावा.

“उठली नाय,” मी तात्यांना म्हटलं. माझं बोलणंही तिथे राहून तसं होतं.

तात्या कुंपणाशी उभे राहून तिच्याकडे बघत होते. “कशाला उटंल?” ते हळूच म्हणाले. “पाव्हनी व्हती तवा उटून आली. आता घरातली झाली. दुपारची निजलेली घरातली बाय देव आला तरी कूस बदलून निजती, माजी मालकीन बघा.”

त्या दुपारच्या चार ठशांचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. केतकीकडेही नाही, आणि तिने ते शोधणं सोडलं आहे. इथल्या कोणाकडे असेल तर जरूर लिहा. मी वाचेन, आणि जमलं तर कापणार नाही. स्पष्टीकरण तात्यांकडेही नाही, पण त्यांना ते लागत नाही. यंदा मालकिणीचं तेवढं बोलून त्यांनी पालखीला हात लावून आम्हाला वळायची खूण केली, कारण खाली आणखी बारा घरं राहिली होती आणि आवाज न करता, मावशीची झोप न मोडता, ती सगळी माणसं चढ उतरू लागली.